पिवळ्या पिंपांच्या आत

भाची : आणि मग तुम्ही बंदूक सोडून दिलीत.

मामा : सोडून दिली. किती वेळा सांगू? लिही ना तिथे. मोठ्या माशाने भाल्याची बंदूक पळवली, ती राखीव पाण्यात गेली, ती परत मिळावी. खाली मी सही करतो. आणि टॉवेल असेल तर दे, तुझ्या चौकीत तळं साचतंय.

भाची : टॉवेल नाहीये. हा फडका घ्या. टेबल पुसायचा आहे.

मामा : हे "घ्या" काय मध्येच? घरी मामा तू, मामा तू, आणि इथे एकदम तुम्ही?

भाची : अंगावर गणवेश आहे. गणवेशात सगळ्यांना तुम्ही.

मामा : गणवेशाच्या आत कोण आहे ते मला ठाऊक आहे. श्वास धरायला मी शिकवलं तुला, बादलीत डोकं घालून. नाकात पाणी गेलं म्हणून गल्ली डोक्यावर घेतली होतीस, तेव्हा...

भाची : मामा, विषय बदलू नका. तुम्ही यायच्या आधीच काचवाल्याचा वायरलेस आला होता.

मामा : कोण काचवाला?

भाची : तो नाही का, काचेच्या तळाची होडी चालवतो. पाहुण्यांना खालचे मासे दाखवतो. म्हणाला, मोठ्या खडकाजवळ लाल फुगा तरंगतोय, वर झेंडा, झेंड्याला चौकड्यांचं ठिगळ. तसला झेंडा या किनाऱ्यावर एकाचाच आहे.

मामा : ठिगळ तुझ्या मामीने लावलंय. माझा चांगला शर्ट फाडून.

भाची : फुगा राखीव हद्दीच्या पिवळ्या पिंपांच्या आत आहे. चांगला आत. फुग्याला दोरी, दोरीला बंदूक. आणि बंदुकीच्या मागे नेहमी तुम्ही असता.

मामा : आज नव्हतो.

भाची : हेच मला साहेबांना पटवून द्यायचंय. दोन ताकिदी आहेत तुमच्या नावावर. पहिली, वीतभर माशाची.

मामा : पाण्याखाली वस्तू मोठी दिसते. हे शाळेतलं पोरही सांगेल.

भाची : चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाने ते सांगू नये. दुसरी, सूर्य उगवायच्या आधी भाला घेऊन पाण्यात उतरलात ती.

मामा : त्या दिवशी सूर्यालाच उशीर झाला होता.

भाची : आणि ही तिसरी ठरली तर परवाना गेला. कायमचा. पुन्हा अर्जसुद्धा करता येत नाही. मामा, हसू नका. खरंच जाईल.

मामा : हसत नाहीये. थंडी वाजतेय, दात वाजतायत.

भाची : मग नीट सांगा. मासा कुठे मारलात?

मामा : पिंपांच्या बाहेर. लांब बाहेर, जिथे तळ एकदम खाली उतरतो तिथे. तांबोशी होती गं. तांबोशी म्हणजे काय सांगू, एवढी... नाही, हे टेबल पुरणार नाही. खडकाच्या सावलीत उभी होती, घरमालकिणीसारखी. मी वरून आलो, आवाज नाही, हालचाल नाही. नेम धरला. आणि नेमकी त्याच वेळी ती वळली. भाला लागला तो पाठीवर, वरच्या वर. मग जे काही ओढलं तिने... अगं, मी माशाला ओढतोय की मासा मला, काही कळेना.

भाची : वर आला नाहीत?

मामा : आलो की. श्वास घेतला, बंदूक छातीशी धरली आणि मागे झुकलो. दोरी ताणलेली. ती निघाली सरळ तुमच्या पिंपांकडे. या माशांना बरोबर कळतं हद्द कुठे आहे ते. तुमच्या कायद्याने शेफारलेत सगळे.

भाची : मग?

मामा : मग पिंप आलं. पिवळं धमक. एका हाताने त्याची साखळी धरली, दुसऱ्या हातात बंदूक. म्हटलं, बाई, एक तर तू थांब, नाही तर... ती काही थांबली नाही. मी सोडली बंदूक.

भाची : तुम्ही. बंदूक. सोडलीत.

मामा : अशी तीन तुकड्यांत काय बोलतेस?

भाची : कारण माझाच विश्वास बसत नाहीये. जुन्या होडीच्या लाकडातून स्वतः तासलेली बंदूक. मी दहा वर्षांची असताना नुसतं बोट लावलं, तर हात धुऊन ये म्हणालात. दर रविवारी तिला तेल. मामी तिला सवत म्हणते. आणि ती तुम्ही एका माशासाठी सोडून दिलीत?

मामा : माशासाठी नाही.

भाची : मग कशासाठी?

मामा : हात दुखला.

भाची : मामा.

मामा : दुखला म्हणतो ना. वय झालं माझं.

भाची : सकाळीच अख्ख्या धक्क्यासमोर सांगत होतात, अजून पंचविशीतला जोर आहे म्हणून. हे बघा, मी काय लिहू? हात दुखला म्हणून सोडली, हे वाचून साहेब खुर्चीतून पडतील. माझी रक्षकाची नोकरी अजून कायम झालेली नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न काय विचारला होता माहीत आहे? तुमचे मामा आत घुसले तर काय कराल?

मामा : काय सांगितलंस?

भाची : जे इतरांना करीन तेच करीन.

मामा : शाबास.

भाची : शाबास काय? तेव्हा ते बोलणं सोपं होतं. आणि आता तुम्ही समोर बसलाय, फडक्याने कान पुसत. साक्षीदार नाही, पुरावा नाही. आणि तुम्ही खोटं किती सराईतपणे बोलता हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मामी : आत येऊ का? की इथेही चपला काढायच्या?

भाची : ये मामी. तुला कोणी सांगितलं?

मामी : कोणी सांगायचं राहिलंय का? धक्क्यावर मासळीवाल्या म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला भाचीने पकडलं. पुढे दुकानदार म्हणाला, बेड्या घातल्या. हा घ्या टॉवेल, हा शर्ट. आणि तो फडका ठेवा खाली, वास मारतोय.

मामा : बेड्या? कोण म्हणाला? नाव सांग त्याचं.

मामी : आधी तुमचं सांगा. गेला होतात आत?

मामा : नाही.

मामी : माझ्याकडे बघून.

मामा : नाही म्हणतो ना.

मामी : नाही गेले ते.

भाची : एवढ्यात कळलं तुला?

मामी : हे खोटं बोलताना फार गोड बोलतात गं. असे वसकन अंगावर आले की समजायचं, खरं आहे. बंदूक कुठे आहे?

भाची : आत. म्हणतात, पिंपापाशी स्वतः सोडून दिली. का सोडली ते सांगत नाहीत. हात दुखला म्हणे.

मामी : बंदूक सोडली?

मामा : आता तूसुद्धा?

मामी : आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वादळात सापडले होते हे. होडी उलटली, चपला गेल्या, घड्याळ गेलं, बरोबरचा मित्र बोंबलत होता. हे पोहत आले ते बंदूक दातात धरून. का सोडली हो?

मामा : तुम्हा दोघींना दुसरं काम नाही का?

मामी : आज शुक्रवार. शुक्रवारी गस्त कोणाची असते?

भाची : माझी. का?

मामी : हं. मग झालं. ह्यांच्या तोंडून नाही निघायचं, मीच सांगते. काल रात्री जेवताना म्हणत होते, पोरगी डोळ्यांत तेल घालून काम करते, पण किनाऱ्यावरचे लोक टपून बसलेत. मामाला सोडते का, बघू म्हणतात. म्हणाले, एकदा का तिच्याकडे बोट दाखवलं कोणी, की त्या पोरीने केलेलं सगळं मातीत गेलं.

मामा : तुला घरातलं बोलणं चौकीवर आणायची काही गरज नव्हती.

भाची : मामा, खरं?

मामा : अगं, साखळी धरून लटकलो होतो. एका हाताला मासा ओढतोय. समोर तुमच्या खात्याची ती पाटी. आणि मला एकदम तुझं तोंड दिसलं, बादलीतून वर आल्यावर दिसायचं तसं. म्हटलं, बंदूक काय, दुसरी तासता येईल. झालं समाधान? घाल आता बेड्या.

भाची : गणवेशात रडता येत नाही हो, असं काही बोलू नका.

मामी : हा टॉवेल कोरडा आहे त्या टोकाला. घे.

भाची : नको. बरं. मला पटलं. मला मनापासून पटलं. पण अहवालात "मला पटलं" असं लिहून चालत नाही. काहीतरी हवं. चला, तिघंही जाऊ गस्तीच्या होडीने. तुमच्यासमोर दोरी काढते, कुठे गुंतलीय ते बघू. माशाच्या पाठीत भाला आहे, त्यालाही मोकळं करायला हवं.

मामा : तुम्ही जा. मी इथे बसतो.

भाची : तुम्ही का नाही?

मामा : मी आत येणार नाही.

मामी : आता हे काय नवीन?

मामा : नवीन काही नाही. सात वर्षं झाली, त्या पाण्यात पाऊल टाकलेलं नाही. बंदी म्हणजे बंदी. तिसऱ्या ताकिदीची वेळ आली असताना मी आत जाऊन बसू? वेड लागलंय का मला?

भाची : पण बंदी भाल्याला आहे.

मामा : आणि?

भाची : आणि काही उचलून आणायला. मासा, प्रवाळ, शंख, दगडसुद्धा. पण माणसाला कुठे आहे?

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे पोहायला मोकळं आहे. बुडी मारायला मोकळं आहे. मास्क लावून दिवसभर बघत बसा, कोणी हटकत नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

मामा : ती पाटी मी वाचत नाही.

भाची : सात वर्षं रोज तिच्यावरून जाता.

मामा : तोंड फिरवून जातो. सभेत ठरवलं होतं मी. तो साहेब उभा राहिला, म्हणाला, आजपासून या पाण्यात भाल्याने मासेमारी बंद. मी उठलो, खुर्ची लाथाडली आणि निघालो. बाहेर येऊन सांगितलं सगळ्यांना, या पाण्याचं तोंड बघणार नाही म्हणून.

भाची : साहेबांचं पुढचं वाक्यच होतं, पोहायला आणि बघायला सर्वांचं स्वागत आहे. मी होते सभेत, मागच्या रांगेत.

मामा : ते मी ऐकलं नाही.

मामी : कसं ऐकणार? रस्त्याला लागला होतात तुम्ही. अहो, पण तेवढं तरी कळायला हवं होतं. काचवाला रोज माणसं नेतो आत.

मामा : ते पाहुणे. तिकीट काढून येतात. पाहुण्यांना सगळं माफ असतं, मला वाटलं.

मामी : आणि मी?

मामा : तू काय?

मामी : दर मंगळवारी सकाळी मी कुठे जाते?

मामा : कंबरेच्या व्यायामाला.

मामी : डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. कुठे पोहते वाटलं तुम्हाला, हंड्यात? आम्ही सहा जणी आतच पोहतो. ही बघा पिशवी, मास्क, टोपी, सगळं आहे.

मामा : तू आत जातेस? आणि मला सांगितलं नाहीस?

मामी : पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, चला पोहायला. तुम्ही म्हणालात, त्या पाण्याचं नाव काढलंस तर याद राख. मला वाटलं, रुसलाय. रुसलेल्या माणसाला किती वेळा बोलवायचं? नाही काढलं नाव.

भाची : मामी, थांब जरा. मामा, मोठ्या खडकाच्या पलीकडे काय आहे?

मामा : आता परीक्षा घेतेस?

भाची : सांगा तर.

मामा : काय असणार? वाळू. नांगरांनी फोडलेल्या प्रवाळाचा चुरा. एखादा बोटभर मासा दिसला तर नशीब. खरं सांगायचं तर त्या ओसाड पाण्यासाठी भांडलो, याचंच कधीकधी हसू येतं.

मामी : अगं बाई.

भाची : मामा, तुला खरंच माहीत नाही.

मामा : काय? आणि आता तू म्हणालीस मला.

भाची : म्हटलं तर म्हटलं. साहेबांना हाच प्रश्न विचारायला सांगते. सात वर्षांत एकदा जरी आत डोकावला असतास तरी हे उत्तर दिलं नसतंस. ऊठ. शर्ट नको घालू, पुन्हा भिजणार आहेस.

मामा : आणि माझी शपथ?

मामी : शपथ कोणी ऐकलीय? सगळे जण खुर्ची उचलत होते.

(थोड्या वेळाने, पिवळ्या पिंपांच्या आत. इंजिन बंद करून गस्तीची होडी मोठ्या खडकाशेजारी उभी आहे. भाची नुकतीच पाण्यातून वर आली आहे.)

मामी : हात दे. हळू. काय झालं?

भाची : सुटली. पाठीच्या पंखातून गेला होता भाला, मांसात फारसा नाही. कापून काढला. क्षणभर तशीच उभी राहिली, मग शेपटीने मला एक थप्पड देऊन गेली.

मामा : खरंच टेबलाएवढी होती ना?

भाची : टेबलाएवढी नव्हती. स्टुलाएवढी होती.

मामा : स्टूल म्हणजे मोठंच झालं.

भाची : आणि ही घे तुझी... नाही, देता येत नाही. बघ नुसती. दोरी शेवटच्या टोकापर्यंत सुटलेली आणि खडकाला तीन वेढे, वेढ्यांवर माशाचे खवले. मागे माणूस असता तर दोरी गोळा केली असती, निदान चाकूने कापून बंदूक तरी नेली असती. फोटो काढलेत. मामा, तुझा परवाना राहिला.

मामी : देवा. चला, माझी कंबर मोकळी झाली. मघापासून आखडली होती.

मामा : ओरखडा आलाय दस्त्यावर.

भाची : बंदूक दोन दिवस चौकीत राहील. साहेबांची सही झाली की घेऊन जा. हात धुऊन ये मात्र.

मामा : लक्षात ठेवलंस तू ते.

मामी : हा घ्या मास्क. पट्टा सैल करा, तुमचं डोकं मोठं आहे.

मामा : मी बसतो इथेच. वरून दिसतंय की.

मामी : वरून काय दिसतंय? पाणी. उतरा हो. मी दर मंगळवारी येते आणि दर मंगळवारी मनात म्हणते, हे ह्यांनी बघायला हवं होतं. सात वर्षं एकटीने बघितलं. मला काही तेवढी मजा येत नाही एकटीला.

मामा : सहा जणी असता ना?

मामी : त्या पाण्यातही सुनांबद्दल बोलतात.

भाची : मामा, एकच नियम. काही उचलायचं नाही. रिकामा शिंपलासुद्धा नाही.

मामा : रिकाम्या शिंपल्याचं काय एवढं?

भाची : रिकामा आहे हे तुला कळत नाही. कोणी ना कोणी त्यात राहायला येतं. विचार मामीला.

मामी : मला कशाला मध्ये घेतेस?

भाची : मामीने मागच्या वर्षी एक शंख पिशवीत टाकला. किनाऱ्यावर मी पिशवी उघडायला लावली, तर शंखाला पाय फुटलेले. मामीची टोपी डोक्यावर घेऊन खेकडा चालला होता.

मामा : म्हणजे तुलाही ताकीद मिळालीय?

मामी : तोंडी.

मामा : तोंडी असो नाही तर लेखी. ताकीद ती ताकीद. अगं, हे मला आधी का नाही सांगितलं कोणी? आज पहिल्यांदा आपल्या घरात मला सोबत मिळाली.

मामी : उतरताय की ढकलू?

मामा : उतरतो. पाणी गार आहे का?

भाची : मामा, तू मघाशीच त्यातून आलायस.

मामा : ते बाहेरचं होतं. बरं. हातात काही नसलं की कसंतरीच वाटतं गं. हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

मामी : मागे बांधा. जातात बघ, जातात बघ. गेले.

भाची : किती सरळ खाली गेला. अजूनही पाणी उडत नाही त्याचं.

मामी : मला लग्नाआधी हेच दाखवायला आणलं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे, पण वर कधी येणार?

भाची : आता कुठे आहे?

मामी : खडकाच्या त्या बाजूला. जिथे निळ्या माशांचा मोठा थवा असतो. दिसतात का पाय?

भाची : दिसतायत. हलत नाहीये. मामी, फार वेळ झाला का?

मामी : नाही. तू लहान होतीस तेव्हा तूही असंच विचारायचीस, माझा हात धरून. येतील. ते बघ, आले.

भाची : मामा, बरा आहेस ना? दम घे आधी. धर काठ. काय झालं?

मामी : अहो, काही दिसलं का?

मामा : झाडं आली आहेत गं. प्रवाळाची. वाळू होती तिथे अख्खी बाग झालीय. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा उतरवलं होतं, तेव्हा होतं तसं. मला वाटलं होतं, ते मी लहान होतो म्हणून तसं दिसलं.

भाची : मासे?

मामा : मासे किती ते विचारू नकोस. पण एक गोष्ट झाली. ते पळाले नाहीत.

मामी : पळायचे कशाला?

मामा : अगं, मी आयुष्यभर माशांच्या शेपट्या पाहिल्या. मी दिसलो की त्यांनी वळायचं, एवढीच आमची ओळख. आज एक म्हातारा मासा आला, खडकाच्या पोटातून. ओठ फाटलेला, कुठल्या तरी जुन्या गळाचा. माझ्यासमोर आला आणि थांबला. एवढ्या जवळ. माझ्याकडे बघत होता.

भाची : मग तू काय केलंस?

मामा : काय करणार? मीही बघत होतो.